परतीचे आसन

विषय : आकाशातून उड्या मारणाऱ्यांच्या विमानात परतीचे एक आसन राखून ठेवणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची मुलगी नीलू हिने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली यादी.

अर्जदार म्हणजे मीच. बस आगाराच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. आता धारवाडात केलगेरीच्या तळ्यावर फिरतो आणि कुणी मागितला नाही तरी अर्ज लिहून देतो. त्या सवयीनं या वेळी काय करून ठेवलं ते सांगतो. फक्त आमच्या हिच्यासमोर हसू नका.

नीलू अमेरिकेत नोकरी करते आणि सुट्टीला विमानातून उड्या मारते. यंदा शंभर जणांनी आकाशात एकमेकांचे हात धरून एक मोठं फूल करायचं ठरलं. एका विमानात शंभर कुठले मावणार? म्हणून पाच विमानं, जवळजवळ उडणारी. इशारा झाला की पाचांतूनही धडाधड सगळे बाहेर! तीन वर्षं सराव करून नीलूला त्या फुलात एक पाकळी मिळाली होती.

"अप्पा, यादीत माझं नाव बघा," ती म्हणाली.

नाव बघितलं. मग सवयीनं बाकीचंही बघितलं. प्रत्येक विमानात जाताना वीस. येताना? शून्य! फक्त वैमानिक.

आता सांगा, चढणारे आणि उतरणारे जुळत नाहीत अशा कागदावर मी कधी सही केली असेल का?

उडी मारणार हे मला ठाऊक होतं हो. पण दारात उभं राहिल्यावर पोरीचं मन फिरलं तर? फोटोत बघितलं, तर जागा व्हावी म्हणून विमानातल्या खुर्च्याच काढून टाकलेल्या! सगळे खाली एकमेकांना खेटून, आमच्या अळणावरच्या शेवटच्या गाडीसारखे.

"अहो, आधी तिला विचारा तरी," ही म्हणाली.

"विचारून करायचा तर अर्ज कशाला?"

यादीखाली आयोजकांचा ईमेल होता. इंग्रजीत लिहिलं : माझ्या मुलीची इच्छा ऐनवेळी बदलण्याची शक्यता विचारात घेऊन परतीचे एक आसन राखून ठेवावे. माहितीसाठी प्रत : पाचही वैमानिकांना.

झोप छान लागली त्या दिवशी.

दोन दिवसांनी नीलूचा फोन.

"अप्पा, तुम्ही काय लिहिलंत त्यांना?"

"एक खुर्ची मागितली गं. परतीची."

"दारात एक जण अडला की मागचे सगळे अडकतात, अप्पा! फुलाला भोक पडतं. 'वडीलच म्हणतात, ही ऐनवेळी थांबेल,' म्हणून मला राखीव यादीत टाकलं त्यांनी."

"पण मी तर फक्त शक्यता—"

"सातवीतली सहल आठवते? धारवाडजवळच्या बेलूरचा कारखाना बघायला? संमतीपत्रावर तुम्ही तीन अटी लिहिल्या होत्या. बाई म्हणाल्या, अटी पूर्ण होईपर्यंत थांब. गाडी गेली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं सांगितलं आणि फोन ठेवला.

त्या सहलीच्या दिवशी ती दप्तर घेऊन परत आली, तेव्हा मी घरीच होतो. अटी योग्यच होत्या, असं मी तेव्हा हिला पटवून दिलं होतं. नीलूला काही सांगावं हे सुचलंच नाही.

अर्ज मागे घ्यायला बसलो. शेजारचे बसप्पा अण्णा मदतीला आले. पहिला मसुदा वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

"एन्री इदु, काय हे साहेब? 'अर्ज मागे घेत आहे, तथापि...' हे तथापि कशाला?"

"सावधगिरी म्हणून."

"तगीरी! काढा ते. पोरगी उडी मारायला तयार आहे, तुमच्याच्यानं एक शब्द सोडवत नाही?"

दुसऱ्यात 'परंतु' निघालं. तिसऱ्यात 'सद्यःस्थितीत'. अण्णा चहाचा दुसरा कप संपवून म्हणाले, "साहेब, आता तुम्हीच दारात अडलाय. मागं रांग लागलीय बघा!"

चौथा मसुदा दोन ओळींचा झाला. माझी मुलगी थांबणार नाही. भीती मला वाटली होती, तिला नाही.

चौतीस वर्षांत इतका उघडा कागद मी कुठं पाठवला नव्हता. पाठवला. प्रत नीलूला. तिनं उत्तरात फक्त एक अंगठा पाठवला. वर होता, एवढं मी चष्मा लावून खात्रीनं बघितलं.

आयोजकांचीही पोच आली : आपला अर्ज मिळाला, निर्णय यथावकाश कळवण्यात येईल. हेच वाक्य मी चौतीस वर्षं लोकांना लिहीत आलो. त्यातला 'यथावकाश' केवढा लांब असतो, हे माझ्या टेबलाच्या बाजूनं कधी दिसलं नव्हतं.

नीलू राखीव यादीत तिसरी आहे. मी दिवसातून चार वेळा ईमेल उघडतो. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.