खिडकीखालचं गवत

आमच्या घरासमोरचं लॉन बघून लोक अजूनही फाटकाशी थांबतात आणि माळी कोण म्हणून विचारतात. माळी कोणी नव्हता. ते लॉन माझ्या मामाने रफू केलेलं आहे. असं म्हटलं की मी थट्टा करतेय असं समोरच्याला वाटतं, म्हणून एकदाचं सगळं नीट सांगून टाकते.

मामा रफूवाला होता. कापडबाजारातल्या एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पाट, एक दिवा आणि मान वर केली की टाळक्याला लागणारी पायरी. सिगरेटनं जळलेले कोट, इस्त्रीनं करपलेल्या पँटी, उंदरांनी कुरतडलेल्या शाली असं सगळं जखमी सामान त्याच्याकडे यायचं. तो त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, दुमडून लपलेल्या भागातून धागे उपसायचा आणि त्यांनी भोक विणून काढायचा. काम झालं की कोट गिऱ्हाइकापुढे पसरून एवढंच म्हणायचा, "शोधा." गिऱ्हाईक कोट उजेडात न्यायचं, उलटापालटा करायचं, डोळ्यांशी धरायचं, आणि तेवढा वेळ मामा चवीनं चहा पीत बसायचा. धागा कुठून काढला हे मात्र तो मेला तरी सांगायचा नाही. "सांगितलं की माणूस रोज तिथंच बघत बसतो. मग रफू कशाला केलं?" असं त्याचं म्हणणं.

पुढे त्याचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत. माणूस दिसायचा, माणसाचं नाक दिसायचं नाही. ऑपरेशन झालं, थेंब झाले, जाड भिंगांचा चष्मा झाला, पण सुईचं नेढं काही परत आलं नाही. लग्नाला त्याला कधी वेळच मिळाला नव्हता, त्यामुळे घरी विचारणारं कोणी नाही. शेवटी आईच गेली, जिन्याखालचा दिवा स्वतः बंद केला आणि धाकट्या भावाला आमच्याकडे घेऊन आली.

आई नर्स होती. तिचं शिक्षण अर्ध्यावर असताना आजोबा अचानक गेले होते. तेव्हा हा पोरगा शाळा सोडून जिन्याखाली जाऊन बसला, आणि ताई नर्स झाली. यावर ते दोघं कधी एक अक्षर बोलत नसत. त्यांच्या घराण्यात प्रेमाचं बोलायची वेळ आली की माणसं जेवणाच्या चौकशा करतात.

मामा आला तो एक पत्र्याची ट्रंक घेऊन. आईने त्याला मागची खोली दिली, कपाट रिकामं करून दिलं. त्याने ट्रंक दाराशी ठेवली ती तिथंच. सकाळी लागेल तो सदरा काढायचा आणि परत कडी लावायचा.

"महिनाभर राहतो, ताई. मग बघू."

"बघू काय? कुठे जाणारेस?"

"बाजारातला तो काजबटणवाला एकटाच असतो. त्याची खोली आहे."

बसून खाणं त्याच्या जिवावर यायचं. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही, आंघोळीला गरम पाणी मागायचा नाही. आई त्याच्या दारावरून जाताना आधी ट्रंकेकडे बघायची, मग त्याच्याकडे. तो एक दिवस उठून निघून जाईल, या धास्तीनं ती आतून पोखरली होती. मलाही त्या ट्रंकेचा राग यायचा.

आता बाबांचं लॉन. आयुष्य भाड्याच्या घरात काढलेल्या माझ्या वडिलांनी निवृत्त झाल्यावर, मामा यायच्या थोडंच आधी, हे छोटं घर बांधलं, आणि घराआधी त्यांच्या डोक्यात लॉन होतं. घर पुरं होताच त्यांनी नर्सरीतून गवताच्या गुंडाळलेल्या पट्ट्या आणवल्या आणि घराच्या चारी बाजूंनी सतरंजीसारख्या अंथरल्या. खाली काय आहे हे बघायची त्यांना गरज वाटली नाही. खाली होता बांधकामाचा राडारोडा. काही आठवड्यांत पुढच्या अंगणाला टेंगळं आली, खळगे पडले, खळग्यांत पाणी साचून गवत कुजलं आणि टेंगळांवरचं वाळून गेलं. मागची बाजू तेवढी गवंड्यांच्या तावडीतून सुटली होती, म्हणून तिथलं बरं होतं. बाबांनी मग घाबरून मूठ मूठ खत फेकलं, तर जिथे मूठ पडली तिथे पिवळे डाग उठले. त्यांनी नर्सरीवाल्याला शिव्या दिल्या, खतवाल्याला दिल्या, आणि दोघं संपल्यावर आमच्याकडे वळले. शेवटी सगळं उपटून नवीन आणायचं त्यांनी ठरवलं.

मामा पायरीवर बसून ऐकत होता. तो उठला, चपला काढल्या आणि अनवाणी लॉनवर फिरून आला. मग गुडघ्यांवर बसून तळव्यांनी चाचपत सरकत राहिला.

"भाऊजी, नवीन आणू नका," तो म्हणाला. "नव्याचा रंग वेगळा येतो. ठिगळ दिसतं."

"मग काय करू, मेहुणेबुवा? रफू करू?"

बाबांनी टोमणा मारला होता. मामाने मान डोलावली आणि आईकडे खुरपं मागितलं.

पुढचे दिवस आठवले की अजून मला त्या ओल्या मातीचा वास येतो. सकाळी मामा नळी सोडून सगळीकडे पाणी फिरवायचा. गवताचं पान त्याला दिसत नसे, पण साचलेल्या पाण्याची चमक दिसायची. चमकेल तिथे तो काडी रोवायचा. मग पाणी मुरलं की तिथलं गवत तीन बाजूंनी कापून, अस्तर उलटावं तसं मुळांसकट उलटायचा, खाली चाळलेली माती आणि वाळू भरायचा आणि गवत परत झाकून तळव्यानं दाबायचा. टेंगूळ असेल तिथे उलट काम: खालून विटेचा तुकडा निघायचा, कधी सिमेंटचा गोळा, एकदा तर गवंड्याची अख्खी थापी निघाली. बाबा सुरुवातीला लांबून सूचना देत होते. मग माती चाळायला बसले. मग मामाला विचारल्याशिवाय नळीला हात लावीनासे झाले.

राहिले ते टक्कल पडलेले डाग. मामा कुठून तरी गवताचे मुळांसकट छोटे छोटे ठोकळे घमेल्यातून आणायचा आणि त्या डागांत दाटीवाटीनं बसवायचा.

"आणतोस कुठून रे हे?" आईने विचारलं.

"आहे," मामा म्हणाला.

हळूहळू ठोकळे एकमेकांत मिसळले. एके सकाळी मामाने बाबांना लॉनच्या कडेला उभं केलं आणि म्हणाला, "शोधा." बाबा वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले, गुडघ्यावर बसले. मामा चहा पीत होता. इतका खूश मी त्याला जिन्याखालच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंकेला कुलूप लावलं.

"काम झालं, ताई. निघतो आज."

आई उठली. टॉवेल वाळत घालायला म्हणून मागे गेली आणि तिथूनच तिने त्याला हाक मारली. आवाज असा होता की मीही धावले. मामाच्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला लागून, उघडी माती होती. ओळीनं काढलेल्या ठोकळ्यांची लांबच लांब बोडकी पट्टी.

"हे काय आहे?"

"शिवणीतला धागा," मामा म्हणाला. "आतली बाजू आहे. इथं कोण बघतंय?"

"मी बघते," आई म्हणाली. "या खोलीत माझा भाऊ राहतो. सगळं घर सोडून तुला तुझीच खिडकी सापडली? जन्मभर हेच करत आलास. आधी हे भरायचं, मग कुठे तडमडायचं तिथे तडमड."

मामाने चष्मा काढून पुसला. मग खाली बसून मातीत बोटं घातली. "सावली आहे इथं. वेळ लागेल," तो म्हणाला.

वेळ लागला. तो पुढून गवताच्या चार मुळ्या आणून लावायचा, त्या धरायच्या, पसरायला लागायच्या, आणि पट्टी भरत आली की पुन्हा पिवळ्या पडून मरायच्या. बाबांनी उंदरांवर संशय घेतला, नंतर शेजाऱ्यांवर. ट्रंकेतले कपडे कपाटात गेले, कारण मामाला खुरपी, चाळण आणि गोणपाट ठेवायला ट्रंक हवी होती. ती मागच्या व्हरांड्यात गेली. मामा जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला.

एकदा सकाळी लवकर मी मागे गेले, तर आई भिंतीशी वाकून बादली ओतत होती. कपडे भिजवलेलं सोड्याचं कडक पाणी, सावकाश, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. बरोबर वरच्या खिडकीत मामा खोकला. खोकला झाला नव्हता त्याला.

चहाच्या वेळी तो म्हणाला, "तिथली माती फार खारट आहे, ताई. यंदाही काही खरं दिसत नाही."

"मग पुढच्या वर्षी बघ," आई कपाकडे बघत म्हणाली.

"बघावंच लागेल," मामा म्हणाला आणि त्याने आणखी अर्धा कप मागितला.

अशी वर्षं गेली. फार सुखाची होती ती. मामा खिडकीखाली खुरपत बसायचा, आई आतून त्याच्याशी वाद घालायची, आणि दोघांपैकी एकानेही शेवटपर्यंत चेहरा हलू दिला नाही. मग एका हिवाळ्यात मामा ताप येऊन चार दिवसांत गेला.

आईने बादली घेऊन मागे जाणं सोडलं. पुढच्या काही महिन्यांत त्या पट्टीत गवत दोन्ही कडांनी सरकत आलं आणि मधे मिळालं. बाबांच्या ते आधी लक्षात आलं. त्यांनी मोठ्या कौतुकानं आईला मामाच्या खोलीत हाक मारली.

"बघ तरी! भरलं एकदाचं."

आई खिडकीचा गज धरून खाली बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "आता शोधूनही सापडायचं नाही."

आणि तो गेल्यानंतर इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.