पाहुण्यांना दिसता कामा नये

ती घटना आजही आठवली की आधी कानात गाणी वाजू लागतात. आम्ही त्या वॉटर पार्कमध्ये शिरलो तेव्हा लाउडस्पीकरवर नाचाची गाणी दणक्यात चालू होती. मुले पाण्यात उड्या मारत होती, वडापावच्या स्टॉलसमोर रांग होती. त्याच पार्कमधून थोड्या वेळापूर्वी एका कामगाराला बेशुद्धावस्थेत मागच्या गेटने बाहेर काढले होते आणि आत मजा करणाऱ्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

मी तेव्हा वसई-विरार भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. मे महिन्यातला रविवार म्हणजे आमच्याकडे हरवलेली मुले, चोरीला गेलेले मोबाइल आणि पार्किंगवरून झालेल्या मारामाऱ्या. त्या दिवशीही ठाणे अंमलदारासमोर अशीच गर्दी होती. तेवढ्यात वसईच्या एका रुग्णालयातून ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंचा फोन आला.

‘साहेब, वॉटर पार्कचा एक फिटर आणलाय. सोबतचे सांगतात, शिडीवरून पडला. मला ते पटत नाही.’

‘का?’

‘माणूस नखशिखान्त भिजलेला आहे. फुप्फुसात पाणी गेलंय. आणि उजव्या दंडावर गोल वळ आहे, पाइपच्या तोंडात हात अडकावा तसा. शिडीवरून पडलेल्याच्या छातीत पाणी कसं जाईल?’

‘जबाब देऊ शकेल?’

‘आज नाही. उद्याचंही सांगता येत नाही.’

स्टेशन डायरीत नोंद करून मी उपनिरीक्षकांना रुग्णालयात पाठवले आणि हवालदाराला घेऊन पार्क गाठला.

मॅनेजर गेटवरच भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात वॉकीटॉकी, चेहऱ्यावर हसू. ‘साहेब, किरकोळ अपघात आहे. आपल्याच गाडीतून लगेच पाठवला त्याला. तुम्ही स्वतः कशाला आलात?’

‘शिडी कुठे आहे?’

त्याने सिमेंटच्या खोट्या डोंगराकडे बोट दाखवले. या डोंगरावरून मोठी घसरगुंडी खाली येत होती. डोंगराला टेकवलेल्या शिडीवर मी हात ठेवला आणि काढून घेतला. वरच्या पायऱ्यांवर कोळिष्टके होती. त्या शिडीवर कित्येक दिवसांत कोणी चढलेले नव्हते.

जवळपास काम करणाऱ्या पाच जणांना मी वेगवेगळे उभे करून विचारले. पाचही जण म्हणाले, ‘शिडीवर चढला आणि तोल गेला.’ माझा नोकरीतला अनुभव असा, की पाच माणसांनी एकच अपघात पाहिला तर ते पाच गोष्टी सांगतात. एकाला आवाज आठवतो, दुसऱ्याला रक्त, तिसरा आपण तेव्हा काय खात होतो ते सांगतो. पाचांच्या तोंडी एकच वाक्य आले, तर ते वाक्य कोणीतरी दिलेले असते.

‘आधी ती गाणी बंद करा,’ मी मॅनेजरला म्हटले. ‘आणि ही घसरगुंडी थांबवा.’

‘साहेब, सुट्टीचा दिवस आहे. लोकांनी तिकिटं काढलीत. घबराट होईल.’

‘थांबवा.’

पाणी थांबल्यावर आम्ही डोंगराच्या मागे गेलो. तिथे गुहेसारखे तोंड केले होते आणि त्याच्या आत एक बुटका दरवाजा. दरवाजापलीकडे पाण्याची टाकी. घसरगुंडीवर जाणारे पाणी पंप या टाकीतून ओढतो. पाइपच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी असते, ती मधूनमधून उतरून साफ करावी लागते. टाकी उपसायला लावल्यावर जाळी दिसली. तिच्या नटांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. दरवाजाशी रबरी चपलांचा जोड होता, टाचेकडे झिजलेला. विचारले, तर पार्कमधल्या कोणाचाच तो नव्हता.

म्हणजे फिटर टाकीत होता, पंप बंद होता, आणि तो चालू झाला.

पंपाचे बटन असलेले पॅनेल डोंगराच्या पुढच्या बाजूला, घसरगुंडीच्या पायथ्याशी होते. तिथून टाकी दिसत नाही. पॅनेलच्या मुठीला बारीक तारेचा वेढा होता आणि तारेची टोके चकाकत होती, नुकतीच कापल्यासारखी. मी ते पंचनाम्यात लिहून घेतले. त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नव्हता. कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग ‘दोन दिवसांपासून बिघडलंय’ असे उत्तर मिळाले. तेही यंत्र आम्ही जप्त केले.

संध्याकाळी मी रुग्णालयात गेलो. फिटरची बायको अतिदक्षता विभागाबाहेर भिंतीला टेकून बसली होती. नायगावच्या खाडीकाठच्या मिठागराच्या गावातली बाई. मला पाहून उठली.

‘साहेब, मॅनेजर येऊन गेला. म्हनाला, तुझ्या मानसाचीच चूक. न सांगता पान्यात उतरला. दवाखान्याचं आम्ही बघू, तू तक्रार करू नको.’

‘तो पाण्यात उतरला, असं म्हणाला?’

‘हो.’

मला जो माणूस शिडी दाखवत होता, त्यानेच हिला पाणी सांगितले होते.

‘आनि चूक त्याची नाय, साहेब. घरी दिव्याचं बटन दुरुस्त करायचं तरी हा आधी मेन स्विच पाडतो आनि त्याला माझी ओढनी बांधतो. पोरं हात लावतील म्हनून. पाटी लावल्याशिवाय हा मशिनीत हात घालनार नाय.’

‘पाटी कसली?’

‘लाल. काम चालू हाय, अशी. तारेनं बांधतो.’

तारेचा तो वेढा माझ्या डोळ्यांपुढे आला.

त्याच संध्याकाळी पंप ऑपरेटरला ठाण्यात आणले. चंदनसारला खोली घेऊन राहणारा, तिशीतला माणूस. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, ‘साहेब, लिहून घ्या. मीच बटन दाबलं. मी कोणाला विचारलं नाही. माझी चूक आहे.’

इतक्या लवकर कबुली आली की मी सावध होतो. खरा गुन्हेगार आधी स्वतःला वाचवून पाहतो. मी त्याला चहा दिला, पाणी दिले.

‘पॅनेलवर काय होतं?’

‘काहीच नव्हतं, साहेब. पाटी नव्हती.’

‘पाटीचं मी विचारलंच नाही.’

त्याने कप खाली ठेवला. मग रडू लागला, आणि रडतच सगळे बोलला. घसरगुंडीवर पाणी कमी येत होते म्हणून फिटर जाळी साफ करायला येणार, एवढे त्याला माहीत होते. पंप बंद करून तो जेवायला गेला. परत आला तेव्हा पॅनेलवर पाटी नव्हती, वर मुले ओरडत होती. काम झाले असे समजून त्याने बटन दाबले. थोड्याच वेळात पंपाचा आवाज बदलला आणि वरचे पाणी तुटले. त्याने पंप बंद केला, मागे धावला, तर टाकीत फिटर पालथा, हात पाइपमध्ये.

‘मीच उडी मारून काढला त्याला. श्वास नव्हता. तोंडातून फुंकलं, छाती दाबली. थोडी धुगधुगी आली. मी म्हणत होतो, ॲम्ब्युलन्स बोलवा. मॅनेजर म्हणाला, सायरन वाजवत आत आली तर लोक पळतील. ताडपत्री टाकून मागच्या टेम्पोतून नेला. टेम्पोच्या ड्रायव्हरला शोधण्यातच किती वेळ गेला.’

‘मग शिडी?’

‘ती मॅनेजरनं सांगितली. आणि म्हणाला, पोलिसांनी फारच ताणलं तर तू कबूल कर, आम्ही तुझ्यामागे उभे राहू.’

गुंता मात्र तसाच होता. फिटरने पाटी लावलीच नव्हती, की कोणी काढली? ऑपरेटरने लावताना पाहिली नव्हती. बायकोचा विश्वास कोर्टात टिकत नाही. फिटर शुद्धीवर नव्हता, आणि तो गेला असता तर सगळा दोष त्याच्याच माथी जाणार होता. मेलेल्या माणसाच्या वतीने कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात एक फोन आला. बोलणाऱ्या बाई वसईतल्या एका गावच्या शिक्षिका होत्या. आदल्या दिवशी चर्चच्या सुट्टीतल्या शिबिराची मुले घेऊन त्या पार्कला गेल्या होत्या.

‘सर, काल तुम्ही घसरगुंडी थांबवलीत तेव्हा मी तिथेच होते. घरी आल्यावर कळलं, कोणीतरी माणूस बुडाला. मला रात्रभर झोप नाही. मी येऊ का?’

त्या आल्या, आणि महिला हवालदारासमोर त्यांचा जबाब घेतला.

‘तुम्ही यायच्या आधी, दुपारीही घसरगुंडी बंद होती. पायथ्याच्या पॅनेलवर लाल पाटी टांगलेली होती, मी वाचली. मुलं कंटाळली होती म्हणून मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, अजून किती वेळ? तो हसला. म्हणाला, टीचर, पाच मिनिटांत चालू. मग खिशातून पक्कड काढली, पाटी सोडवली आणि काखेत धरून गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर, मीही वाजवल्या.’

एवढे बोलून त्यांनी रुमाल तोंडाशी धरला.

पाहुण्यांची व्यवस्था पाहणारा तो सुपरवायझर आदल्या दिवशी ‘तोल गेला’ म्हणणाऱ्या पाचांपैकी एक होता. त्याला बोलावले. गोड बोलणारा, चटपटीत तरुण. पाटी? पाहिली नाही. टाकी? तिकडे जात नाही. पक्कड? ‘माझं काम पाहुण्यांचं, सर, पक्कड कशाला बाळगू?’ मी त्याच्याशी वाद घातला नाही. महिला हवालदाराला खूण केली आणि तिने शेजारच्या खोलीतून शिक्षिकाबाईंना आत आणले.

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘बाळा, मी विचारलं म्हणून काढलीस ना? खरं सांग. तो माणूस अजून जिवंत आहे.’

त्याचे हसू गेले. आतला भेदरलेला मुलगा पहिल्यांदा दिसला.

‘मॅडमनी नसतं विचारलं तरी काढली असती,’ तो म्हणाला. ‘आम्हाला हुकूमच आहे, सर. पार्क चालू असताना दुरुस्ती पाहुण्यांना दिसता कामा नये. पाटी नको, दोरी नको, हेल्मेटवाला माणूस नको. मागे कोणीतरी पाटीचा फोटो इंटरनेटवर टाकला, तर मालकांनी सगळ्यांसमोर माझी लाज काढली. मी मागे जाऊन बघितलं नाही. पुढून कोणी दिसत नव्हतं. मला वाटलं, काम संपलं असेल.’

‘दिसणार कसा? तो दिसू नये म्हणूनच ती गुहा बांधली आहे.’

त्याने पाटी कुठे ठेवली ते सांगितले. पंचांसमक्ष त्याचे सांगणे निवेदन पंचनाम्यात लिहून घेऊन आम्ही पुन्हा पार्कमध्ये गेलो. पोहण्याचे कपडे भाड्याने देतात त्या खोलीत, हवेच्या ट्यूबांच्या ढिगामागे ती उलटी करून ठेवलेली होती. भोकात तारेचा तुकडा तसाच होता. पॅनेलवरच्या तारेशी तो जुळला. प्रयोगशाळेनेही पुढे तेच सांगितले.

एकाने तोंड उघडल्यावर बाकीचे बोलू लागले. जाळी पुन्हा बसवायला आणि शिडी टेकवायला मॅनेजरने सांगितले होते. हुकूम मालकाचा होता, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होता. कॅमेऱ्याचे यंत्र बिघडलेले नव्हते, दुपारी बंद केले होते. मॅनेजर शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, ‘साहेब, मी लोकांचा विचार केला. घबराट झाली असती.’ मी त्याला विचारले, त्या लोकांत फिटर धरला होता का?

त्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरबाईंचा फोन आला. फिटर बोलू लागला होता. मी जबाब घ्यायला गेलो. उजवा हात वाचला होता, पण बोटांत जीव नव्हता. बायको उशाशी होती. मी काही विचारण्याआधी त्यानेच विचारले. आवाज इतका बारीक की मला वाकावे लागले.

‘साहेब, पाटी मी लावली होती ना?’

मॅनेजरने बायकोला सांगितलेले त्याच्या कानावर गेले होते. पडल्या पडल्या तो त्याच विचारात होता. त्याला आता स्वतःचीच खात्री उरली नव्हती.

‘लावली होतीस,’ मी म्हणालो. ‘सापडली. तुझी तारही सापडली.’

त्याने डोळे मिटले आणि चांगल्या हाताने बायकोचे मनगट धरले. मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. जबाब नंतर घेतला.

हलगर्जीपणाने गंभीर दुखापत, पुरावा नष्ट करणे, पोलिसांना खोटी माहिती देणे अशा कलमांखाली मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांच्यावर आम्ही वसईच्या न्यायालयात आरोपपत्र दाखल केले. ऑपरेटरला साक्षीदार केले. काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही, बटन तर त्यानेच दाबले असे ते म्हणाले. मी म्हटले, टाकीत उडीही त्यानेच मारली. खटला अजून चालू आहे. तारखेला मी साक्षीसाठी जातो, शिक्षिकाबाईही न चुकता येतात.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांच्या मनात काय आहे ते शोधावे लागते. या प्रकरणात कोणाच्याच मनात वाईट नव्हते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. बाईंना मुलांची हौस पुरवायची होती, सुपरवायझरला बोलणी टाळायची होती, मॅनेजरला रविवार निभावून न्यायचा होता. एक माणूस कुठे आहे हे पाहायला चार पावले मागे जायचे होते, ती कोणी गेले नाही. गुन्हा शोधताना आम्ही विचारतो, कोणी काय केले. त्या दिवसानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: कोणी काय पाहायचे टाळले? त्याचे उत्तर सहसा कोणी पटकन देत नाही. पण तिथे थोडा वेळ थांबले, तर प्रकरण उलगडते.