गुणवंतरावांचा राघू

ब्रह्मपुरीत गुणवंतराव रामटेके हे नाव घेतलं की लोक आपोआप 'सर' जोडत. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर दर रविवारी ते बुद्धविहारात पोरांना पंचशील समजावून सांगत. न दिलेलं घेऊ नये, खोटं बोलू नये, हे ते इतकं गोडीनं सांगत की पोरांच्या आयाही मागं येऊन बसत.

त्यांच्या ओसरीवर पिंजऱ्यात एक राघू होता. आठवडी बाजारात कोंबड्यांच्या पल्याड एक माणूस फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन बसायचा, त्याच्याकडून आणलेला. झाकून विकतो म्हणजे गडबड आहे, हे कळायला मास्तर असावं लागत नाही. पण मुलगी नुकतीच सासरी गेली होती, घर गप्प झालं होतं, आणि ते बिनपिसांचं पिल्लू चोच वासून त्यांच्याकडेच बघत होतं. त्यांनी ते सदऱ्याखाली लपवून घरी आणलं. पुढं पिसं फुटली, की त्यांची बायको कांताबाई त्याला धरत आणि गुणवंतराव कात्रीनं पंख कापत. "उडाला तं मांजर खाईन त्याले," असं ते म्हणत.

मग एके दिवशी तो विकणारा बसस्टँडवर सापडला. पिशवीत पिल्लं कोंबलेली, त्यातली बरीचशी गुदमरून मेलेली. त्यानं वनखात्याला घेणाऱ्यांची नावं सांगितली.

गुणवंतरावांच्या दारात वनरक्षक आली ती दिव्यानी. त्यांचीच विद्यार्थिनी. खाकी गणवेशातही ती आधी त्यांच्या पाया पडली.

"सर, राघू कुठून आणला?"

शेजारी कुंपणापाशी जमले होते. गुणवंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "आणला नाई बाई. परवाच अंगणात पडून सापडला."

तेवढ्यात पिंजऱ्यातून हुबेहूब त्यांच्याच आवाजात हाक आली, "कांता, चहा आण!"

कुंपणावर कुणीतरी खुदकन हसलं. दिव्यानी हसली नाही. तिनं राघूला हातात घेतलं, पंख उलगडून पाहिला, कात्रीनं सरळ कापलेल्या पिसांवरून बोट फिरवलं आणि पंख हळूच मिटला. सरांकडे तिनं पाहिलंच नाही.

"सापडला म्हणूनच सांगते साहेबांले," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी काळजी नका करू."

राघूला ती घेऊन गेली. कांताबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. गुणवंतराव मात्र भरल्या ताटावरून उठले. शाळेत याच पोरीनं एकदा दुसऱ्याचा निबंध उतरवला होता, तेव्हा त्यांनी तिला वर्गासमोर उभं केलं होतं. आज ती त्यांच्यासाठी खोटं बोलणार होती. रविवारी विहारात पोरं समोर बसली, तेव्हा त्यांनी घसा बसल्याचं सांगितलं. तेही खोटंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते वनखात्याच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. "साहेब, राघू मी बाजारातून घेतला. पंख मीच कापत होतो."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मान वळवली. "दिव्यानी, तू तर सापडला म्हणाली होतीस."

हे गुणवंतरावांच्या मनातच आलं नव्हतं. खरं बोलून मोकळं व्हायचं, एवढंच त्यांना सुचलं होतं.

"तिची चूक नाई साहेब, मीच तिले खोटं सांगितलं."

"आणि कापलेले पंख तिला दिसले नाहीत?"

दिव्यानी खाली मान घालून उभी होती, वर्गात उभी राहिली होती तशीच. गुणवंतरावांवर गुन्हा नोंदवला गेला आणि तिला लेखी ताकीद मिळाली. बाहेर आल्यावर त्यांनी हात जोडले, तर तिनं ते धरून खाली केले. "असं नका करू, सर." ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

राघूला चंद्रपूरच्या उपचार केंद्रात नेलं. भेटायला येऊ नका, माणसांची सवय सुटायला हवी, असं तिथल्यांनी बजावलं. नवी पिसं आली. त्याच्यासोबतचे पोपट एकेक करून रानात गेले. हा मात्र जाळीला चिकटून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चहा मागत बसायचा.

गुणवंतराव आता कोर्टाच्या तारखेला जातात. विहारात शेवटच्या ओळीत बसतात. कुणी आग्रह केला तरी पुढं येत नाहीत.

परवा दिव्यानीचा फोन आला. राघू मोठ्या पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडाला होता. कांताबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि हसल्या. गुणवंतरावांनी फोन खाली ठेवला.

"आपल्यापायी तिले बोलणी बसली," ते म्हणाले, "आन् सांगाले तिनंच फोन केला."