डाव्या दिव्याचं झाकण

गाडी समोर उभी राहिली की आधी मिस्त्री डोळे मिटून घेत. मग उजव्या हाताची मधली तीन बोटं दाराच्या फटीवरून आडवी फिरवत, एकदा इकडून तिकडे, एकदा उलट, आणि डोळे न उघडताच सांगत, "लागतंय." म्हणजे एक पत्रा शेजारच्या पत्र्यापेक्षा वर आहे. तुम्ही-आम्ही वाकून, चष्मा पुसून, मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं तरी काही दिसायचं नाही. ते बोल्ट सैल करीत, तळहाताने एक दणका देत, पुन्हा आवळत आणि पुन्हा बोटं फिरवीत. "बसलं," म्हणाले की बसलं. त्यावर अख्ख्या बोईसरात अपील नव्हतं.

माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे. आम्ही मूळचे सांगलीकडचे. मिस्टरांची नोकरी तारापूरच्या कारखान्यात, म्हणून इकडे आलो आणि इकडचेच झालो. दुकानाला लागून त्यांचं गॅरेज, मधे एक विटांची भिंत. अठरा वर्षं मी त्यांची ठोकाठोक ऐकत रंग कालवले. माहेरी गेले की तिथल्या शांततेत मला झोप लागायची नाही. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही म्हणे, आणि इथेही तेवढंच पुरे आहे. मी त्यांच्याहून लहान, तरी मला ते पहिल्या दिवसापासून ताई म्हणत.

माणूस समुद्रकाठच्या नवापूरचा. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी, आणि याला नाव लागायची! "बापाच्या नावेत चढलो का उलटी. दोन वरीस बापानं सोसलं, मंग म्हणाला, तू जमिनीवरचंच काय तरी बघ." ते जमिनीवरचं म्हणजे पत्रा. पण बापाची एक वस्तू त्यांनी जपली होती. जाळं विणताना सगळे डोळे सारखे यावेत म्हणून विणणारे बांबूची एक पट्टी वापरतात. वडिलांची तसली एक जुनी पट्टी त्यांनी घासून पातळ केली होती, आणि दार आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, यांच्यामधली फट ते तिने मोजत. पट्टी वरून खालपर्यंत न अडकता, न हलता सरकली तरच फट बरोबर. बाजारात पोलादी गेज मिळतात, मी एकदा त्यांना आणूनही दिले. ते त्यांनी कौतुकाने पाहिले आणि खिळ्याला टांगून ठेवले. अजून तिथेच असतील.

गाडी जुळवायची त्यांची एक रीत होती. सुरुवात मागून. गाडीचा मागचा पत्रा सांगाड्याला जोडलेला असतो, तो सरकत नाही. दारं, फेंडर, बॉनेट बोल्टवर असतात, ती सरकतात. म्हणून आधी दार मागच्या पत्र्याशी, मग फेंडर दाराशी, मग बॉनेट फेंडरशी. "मागचं हलत नाय, ताई. पुढच्यानं जुळवून घ्यायचं."

"आमच्या सासूबाईंचंही हेच म्हणणं असतं," मी म्हटलं. यावर ते इतके हसले की हातातला पाना खाली पडला.

पुट्टीशी मात्र त्यांचं उभं वैर. खड्ड्यात पुट्टी थापून वर रंग मारला की दोन तासांत काम होतं, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. एकदा एकजण म्हणाला, "भर दो ना चाचा, किसको दिखता है?" मिस्त्रींनी त्याच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "वो झूठ है भाई, बारिश में खुल जाता है." तो गेला तो गेलाच. त्यांच्या पुट्टीच्या रागापायी माझा पुट्टीचा धंदा बुडाला, हे मी त्यांना वर्षातून एकदा तरी ऐकवत असे.

मग ती लाल गाडी आली.

पालघरजवळच्या माहीमचे एक काका. तरुणपणी जहाजावर इंजिनिअर होते, तेव्हा हौसेने बाहेरून आणलेली ही बुटकी, दोन दारांची गाडी. तिचे पुढचे दिवे दिसतच नसत. बटण दाबलं की नाकाडावरची दोन झाकणं उचलून ते वर येत, पुन्हा दाबलं की मिटून जात. ती बंद पडली तेव्हापासून काकांच्या वाडीत नारळाखाली उभी होती. नारळांनी बॉनेटवर जागोजाग सह्या करून ठेवल्या होत्या. काकांच्या पत्नी निवृत्त शिक्षिका, गावात सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या या गाडीच्या टपावर वर्षानुवर्षं मिरच्या वाळवत होत्या, असं काकांनीच मोठ्या दुःखाने सांगितलं. आता काकांच्या छातीची दोन ऑपरेशनं झाली होती आणि त्यांना एकदा तरी तिचे दिवे वर आलेले पाहायचे होते. इंजिन त्यांनी दुसरीकडे चालू करून घेतलं होतं, पत्र्याचं काम राहिलं होतं.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली. डोळे मिटले, बोटं फिरवली. फिरवतच राहिले. मला वाटलं, गाडी फारच वाईट दिसते. ते काही न बोलता हात पुसत आत गेले.

आता मला मागच्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. त्या सुमाराला ते चहाचा ग्लास पूर्ण मुठीत धरू लागले होते. वाफाळता, नुकता ओतलेला. आम्ही पदराने, रुमालाने धरायचो आणि मी म्हणायची, "मिस्त्री, तुमची सहनशक्ती म्हणजे धन्य आहे!" एकदा वेल्डिंगच्या गरम पत्र्यावर त्यांचं बोट टेकलेलं होतं आणि ते माझ्याशी गप्पा मारत होते. मला वास आला म्हणून मी ओरडले. त्यांनी बोट उचलून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं तरी असावं तसं. रक्तातल्या साखरेने बोटांच्या नसा खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतं, त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

बांबूच्या पट्टीने फट किती रुंद ते कळतं. दोन पत्र्यांत केसाएवढा वरखालीपणा आहे का, ते ना पट्टीला कळतं ना डोळ्याला. ते बोटालाच लागतं. आणि त्यांचा सगळा जन्म त्या बोटांवर उभा होता.

दारं जुळली, फेंडर जुळले, जुन्या सवयीच्या जोरावर बॉनेटही बसलं. अडलं ते डाव्या दिव्याच्या झाकणाशी. झाकण मिटल्यावर बॉनेटशी सपाट यायला हवं. त्याचा मागचा कोपरा जरा जरी वर राहिला, तर उघडताना तो बॉनेटच्या कडेला घासतो. चार दिवस ते त्या एका झाकणापाशी गुडघे टेकून बसले होते. खोलायचं, खाली वॉशर घालायचा, आवळायचं, बोटं फिरवायची. पुन्हा खोलायचं. "बसलं" काही ऐकू येईना.

चौथ्या दिवशी दुपारी ते दुकानाच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"ताई, जरा येता का?"

मी गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता झाकणाकडे बोट केलं. "तुमी फिरवा बोट. मला सांगा."

अठरा वर्षांत त्यांनी मला एवढंच एक काम सांगितलं. मला सगळं त्या क्षणी कळलं, चहाचा ग्लास, तो वास, सगळं. मी त्यांच्यासारखेच डोळे मिटले आणि कडेवरून बोट नेलं. मागच्या कोपऱ्यात लागलं. नखाच्या जाडीएवढं असेल, पण स्वच्छ लागलं.

डोळे उघडले तर ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. घामाने शर्ट भिजलेला, गुडघ्यांवर ग्रीसचे गोल डाग, ओठ सुकलेले. परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे होते. मला वाटलं, पुरे झालं या माणसाचं. नखाएवढ्या फरकाने कोणाचं काय अडतंय? रंगाच्या थराखाली जाईल ते.

मी म्हटलं, "बसलं, मिस्त्री."

ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदा हसले आणि मला चहा मागवला. तो चहा मी प्यायले, हे मला सांगायलाच हवं.

मी स्वतः लाल रंग कालवला. तीन हात मारले, घासले, चमकवले. रंग सुकल्यावर काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. गाडीत बसून त्यांनी बटण दाबलं. उजवा दिवा अलगद वर आला. डावा आला तो कर्र असा बारीक आवाज करत. काकांना तो ऐकूही गेला नाही, त्यांचे डोळे भरले होते. पण बॉनेटच्या कडेवरचा रंग तांदळाएवढा उडाला होता आणि खालचा करडा प्रायमर दिसत होता.

मिस्त्रींनी तिथे हात ठेवला. "माजी चूक हाय, काका. गाडी आठ दिवस इथंच ठेवा."

"अहो, सोडा हो!" काका म्हणाले. "इतक्या वर्षांनी दिवे वर आले, आणि तुम्ही तांदळाएवढ्याचं काय घेऊन बसलात!" पेढे वाटून, दिवे उघडेच ठेवून, भर दुपारी ते गाडी घेऊन निघून गेले.

आम्ही दोघं उरलो. मी दुकानाकडे वळले तेव्हा ते मागून म्हणाले, "तुमाला लागलं होतं ना, ताई?"

मी म्हटलं, "हो."

"मंग बोलायचं ना." आवाज चढला नव्हता. "माजी बोटं गेली म्हणून तर तुमची मागितली. मी मागल्यावर तुमी खोटी दिलीत."

तुम्ही म्हणाल, दयेपोटी बोललं गेलं. हो, दयेपोटीच. पण त्या दिवसाआधी त्यांच्यावर दया करायची हिंमत कोणी केली नव्हती. ती मी केली.

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले असं मुळीच नाही. रोज सकाळी "बऱ्या हाय ना, ताई?" असायचंच. पण एकही गाडी त्यांनी नव्याने घेतली नाही. महिन्याभरात हत्यारं विकली, शटर ओढलं आणि ते नवापूरला गेले. जाताना दुकानात येऊन पाणी प्यायले. "या कधी नवापूरला," म्हणाले. मी मान हलवली.

मी गेले नाही. रोज ठरवायची. एकदा तर डब्यात शंकरपाळे भरून ठेवले होते, ते शेवटी आम्हीच खाल्ले. मला त्यांच्या डोळ्यांची भीती वाटायची. समोर बसल्यावर ते पुन्हा तेच विचारतील, किंवा त्याहून वाईट, काहीच विचारणार नाहीत. अशात पाच महिने निघून गेले. समोरच्या चहावाल्याने एक दिवस सांगितलं की मिस्त्री गेले. किनाऱ्यावर अनवाणी फिरताना पायात शिंपला घुसला होता. पायालाही जाण उरली नव्हती. कळलं तेव्हा जखम चिघळून वर चढली होती. मी दहाव्याला गेले. त्यांच्या घराचा उंबरा मी पहिल्यांदा ओलांडला तो असा.

मागच्या महिन्यात दुकानासमोर लाल गाडी थांबली. काका आत बसून राहिले. बाई उतरून आल्या, रंगाच्या डब्यांमधून वाट काढत माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"तुमचे मिस्त्री आमच्याकडे माहीमला आले होते," त्या म्हणाल्या. "गॅरेज बंद केल्यावर. एकटेच, बोल्टचे दोन पाने घेऊन. म्हणाले, ते झाकण मला बसवू द्या."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"हे झोपले होते. मग मिस्त्री मलाच म्हणाले, बाई, तुमी बोट फिरवा. मी जन्मभर वह्या तपासल्या हो. चुकलेल्याला बरोबर म्हणणं मला जमत नाही. सकाळपासून त्यांना 'नाही बसलं'च म्हणत होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत. मला वाईट वाटत होतं, पण लागत होतं तर लागतं म्हणायला नको? चार वाजता एकदाचं लागेनासं झालं. मी म्हटलं, आता नाही लागत. त्यांनी बटण दाबायला लावलं. दिवा आवाज न करता वर आला. मग मागून घेऊन दोन वेळा चहा प्यायले."

रस्त्यावर काकांनी हॉर्न वाजवला. बाई उठल्या, पुन्हा बसल्या.

"मी त्यांना म्हटलं, बोईसरच्या ताईंना फोन करून सांगते, त्यांनाही बरं वाटेल. तर म्हणाले, नको. त्यांच्या मनाला ते लागून राहिलंय. त्या नवापूरला येतीलच, तेव्हा मीच सांगेन, झाकण बसलं म्हणून." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं ना त्यांनी तुम्हाला?"

मी नाही म्हटलं.

बाई गेल्या. गाडी पालघरच्या बाजूला वळली. पाच महिने ते मला एक चांगली बातमी सांगायची म्हणून थांबले होते. नवापूर माझ्या दुकानापासून रिक्षाने पंचवीस मिनिटांवर आहे.