चिंचोके कुणी टाकायचे

तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर दोन बायका आणि एक चष्मेवाला साहेब आले, ते साल दोन हजार सतरा असेल. आल्या आल्या त्यांनी अंगणात रांगोळीने आमची घरं काढली, ओढा काढला, ओढ्यापलीकडचा पाडाही काढला आणि चिंचोक्यांची टोपली पुढे ठेवली.

"ज्या घरात आजारी माणूस किंवा पोटुशी बाई असेल, तिथे एक चिंचोका ठेवा," साहेब म्हणाले. "नर्सबाईंनी दर आठवड्याला तपासायला कुठे बसायचं, ते तुम्हीच ठरवायचं."

तुम्हीच ठरवायचं! माझे कान टवकारले. साहेबलोक आम्हाला कधीपासून विचारायला लागले? त्या दिवसांत जो तो नकाशे घेऊन हिंडत होता, कुठे रस्त्यासाठी मोजणी, कुठे रेल्वेसाठी. घर कागदावर चढलं की जमीन गेली, एवढंच मला कळायचं. स्वतःला पाड्याची वकीलच समजायचे मी. शिक्षण चौथी, अक्कल त्याहून कमी.

आमच्या पाड्यातल्या बायकांना कोपराने ढोसलं. "एकीनेही दाणा टाकायचा नाही. विचारलंच तर सगळं बरंय म्हणा."

माझी सून सात महिन्यांची पोटुशी, पाय सुजलेले. हळूच म्हणाली, "आई, माझा एक तरी ठेवू?"

"गप. पदर घे, पोट दिसतंय."

पलीकडच्या पाड्याने ओंजळभर चिंचोके ओतले. नर्सबाई तिकडे बसू लागल्या. ठणठणीत माणसांकडे कोण येतंय?

मग ओढ्याला पाणी आलं. पलीकडे जायची सोय राहिली नाही, आणि सुनेची सूज तोंडावर चढली.

पाणी उतरल्यावर शाळेत बैठक झाली. मी उभी राहिले. "नर्सबाई आमच्याकडेही बसू देत."

पलीकडची एक मासळीवाली खिदळली, "का गं म्हातारे, तुमच्यात तर सगळं बरंय ना?"

"खोटं बोलले मी. वाटलं, जमीन मोजताय."

साहेबांनी हात वर केले. "मला नका सांगू. नर्सबाईंचा दिवस पलीकडच्या पाड्याचा आहे, त्यांनाच विचारा."

म्हणजे खरंच विचारत होते की काय हे लोक!

मासळीवालीनेच आधी हात वर केला. "एकाआड एक आठवडा न्या. पण पुन्हा चिंचोके टाकताना हिला पुढे बसवू नका."

नर्सबाई पहिल्यांदा आमच्याकडे बसल्या, त्याच दिवशी सुनेचं बीपी बघून त्यांनी कासाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची गाडी मागवली. माझ्यापुढे संमतीचा कागद आला. मी तो एकदा वाचला. उलटा करून पाहिला. मग नर्सबाईंना मोठ्याने वाचायला लावला.

गाडीतून सून ओरडली, "आई, सही करा की आता! मी कधीची बसलेय."