मागायला शिकवणाऱ्या बाई

नाडकर्णी बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा घेत होते. उरलेल्या मुलांची तोंडी परीक्षा संपवली, उत्तरपत्रिका कपाटात ठेवल्या आणि मग घाटकोपरला त्यांच्या घरी गेले. मुलांना ताटकळत ठेवून गेले असते तर बाईंना खपलं नसतं. त्याला आता महिना उलटला...

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या. संशोधन विद्यापीठातल्या लोकांनी करायचं आणि आपण पोर्शन संपवायचा, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. बाईंना ती मान्य नव्हती. मोकळ्या तासाला त्या स्टाफरूममध्ये येत, एखाद्यासमोर खुर्ची ओढून बसत आणि विचारत, "तुला स्वतःला काय शोधायचंय?" उत्तर आलं की दिल्लीहून मिळणाऱ्या संशोधन अनुदानासाठी अर्ज करायला लावत. फिजिक्सचे दळवी त्या दिसल्या की म्हणायचे, "दार लावा रे, बाई आल्या." बाई शांतपणे म्हणायच्या, "लावा ना. पण आत बसून काय करणार, ते मला सांगा." पुढे दळवींनीही अर्ज केलाच.

माझा प्रश्न एका विद्यार्थिनीमुळे सापडला. ती भांडुपच्या एका चाळीत राहायची. "मॅडम, आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा काळा पडतो, पाहुण्यांना द्यायची लाज वाटते," असं ती एकदा सहज बोलून गेली. पाण्यात लोह असलं की चहा काळा पडतो, हे मला ठाऊक होतं. पण चाळीमागेच कारखाने होते. लोहाबरोबर आणखी काय उतरत असेल, हा विचार डोक्यातून जाईना. हे बाईंना सांगितलं आणि त्यांनी मला सोडलं नाही.

अर्ज मी आटोपशीर केला. काचेची भांडी कॉलेजचीच वापरू, मदतनीस नको, विहिरींवर मी पायी जाईन, धातू मोजण्याचं यंत्र कुणाकडून तरी वापरायला मिळेल... कमी मागितलं तर नक्की मिळेल, असा माझा हिशोब. दुसऱ्यांच्या घरी गेलेल्या मुली एकच लाडू उचलतात, तसा. अर्ज नामंजूर झाला. एवढ्या साधनांत हे काम होणार नाही, असा शेरा होता.

बाईंनी तो वाचला. चिडल्या की त्या मालवणीत बोलत. "मागूक लाज कित्याक गो?" मग सावकाश म्हणाल्या, "तू स्वतःसाठी साडी मागतेयस का? काम मागतंय ते. कामाला जेवढं लागतं त्यातलं तू आपल्या संकोचापायी कापलंस. ते पाणी पिणाऱ्यांनी काय करायचं?"

दुसऱ्या अर्जात यंत्र आलं, मदतनीस आला. यंत्रासाठी स्वतंत्र खोली आहे का, या रकान्यात बाईंनी स्वतः 'आहे' लिहिलं. मी विचारलं, "कुठंय बाई?" त्या म्हणाल्या, "तू सही कर." अनुदान मंजूर झालं आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी आपली केबिन रिकामी केली. पुढे विभागप्रमुख असूनही त्या स्टाफरूममध्ये, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी बसत. कुणी हळहळलं की म्हणायच्या, "इथे बरं आहे. तहान लागली की सगळे भेटतात."

मग आजार आला, आणि फार वेळ दिला नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "चहाचं काय झालं?" मी सांगितलं, लोह आहेच, पण कारखान्याच्या भिंतीलगतच्या विहिरींत शिसंही दिसतंय. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. "मग थांबू नको," एवढंच म्हणाल्या आणि थकून डोळे मिटून पडून राहिल्या.

त्या गेल्यावर दोन आठवड्यांनी प्राचार्यांनी बोलावलं. नव्या विभागप्रमुखांना केबिन हवी, यंत्र मुलांच्या लॅबमध्ये हलवा, म्हणाले. तिथे दिवसभर आम्लांच्या वाफा. पावसाळा संपेपर्यंत यंत्र खराब झालं असतं आणि भांडुपच्या लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नसतं. एरवी मी "बघते सर" म्हणून बाहेर आले असते. या वेळी बसून राहिले. म्हटलं, "खोली यंत्रालाच हवी, सर. आणि नमुने ठेवायला शेजारची स्टोअररूमही हवी."

"मॅडम, तुम्ही तर कधी काही मागत नाही," ते म्हणाले.

"काम मागतंय, सर."

स्टोअररूम मिळाली नाही. खोली राहिली. परवा तिथे विहिरींतल्या पावसाच्या नव्या पाण्याची पहिली मोजणी झाली. नवे विभागप्रमुख पिंपाशेजारच्या टेबलावर बसतात, भले गृहस्थ आहेत. खोलीच्या दारावर अजून बाईंच्या नावाची पाटी आहे. ती काढून घ्यायची का, असं त्यांनी विचारलं. राहू द्या, म्हटलं... तेवढंही मी मागूनच घेतलं.