सराटा म्हणून उपटलेलं

अबुधाबीबाहेरच्या एका बंगल्याच्या मॅनेजरनं मला फसवलं. मला, जो कुणाच्या बापाला फसत नाही म्हणून ओळखला जातो.

बागेचं कंत्राट माझं होतं. पाऊस होऊन गेल्यावर मागच्या वाळूत पिवळी फुलं उगवली होती. मॅनेजरनं बुटाचं टोक तिकडे करून विचारलं, "शेठ, ये क्या उगा है?"

मी वाकलोसुद्धा नाही. "सराटा. काँटा पाँव में घुसा तो नानी याद आएगी."

"तो निकाल दो. दो दिन लगेगा?"

"दोपहर तक खलास!" दुसरा दोन दिवस म्हणाला की मी अर्धा म्हणतो. असाच वर आलोय.

अंगणात सराटा दिसला की काटे धरायच्या आत मुळासकट उपटायचा, हे आईनं धपाटे घालून शिकवलेलं. इथलं फूल आपल्याकडच्यापेक्षा बरंच मोठं होतं. ते मला दिसलं होतं. बागेचं पाणी मिळत असेल, म्हणून सोडून दिलं.

अकराच्या सुमारास मालकाची म्हातारी आई बाहेर आली. मोकळी वाळू बघून मटकन खाली बसली. ढिगातलं एक रोप उचलून दोन्ही हातांनी परत वाळूत लावू लागली. ते आडवं पडलं. तिनं पुन्हा लावलं.

मॅनेजर धावत आला आणि अरबीत म्हणाला, "मी नको म्हणत होतो. यानंच तण म्हणून उपटलं."

मी ढिगातलं एक फूल उचललं आणि गाडीकडे निघालो.

गाडीत बसून इथल्याच शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीला त्याचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "बाबा, दॅट्स द यूएई नॅशनल फ्लॉवर! आमच्या क्लासमध्ये चार्ट आहे."

"अगं, सराटाच आहे तो."

"सराट्याचा कझिन आहे, बाबा. यू पुल्ड इट आउट? ऑल ऑफ इट?"

तसाच परत फिरलो आणि मॅनेजरची कॉलर धरली. "तेरेको मालूम था?"

तो हसला. "इन फूलों की वजह से बुढ़िया वहाँ पार्किंग बनाने नहीं देती थी. अब बनेगा. पहचाना तो आपने ही ना, शेठ?"

ओळखायला चुकलो ते मी. तिच्यासमोर वाळूत बसून, मोडक्यातोडक्या अरबीत मी ते कबूल केलं. ती माझ्याकडे न बघता वाळूवरून हात फिरवत राहिली.

आता तू बोल, मॅनेजर. रोज सकाळी तिला सलाम ठोकतोस ना? मग तिच्याच समोर सांग, बुटाचं टोक कुणी केलं होतं तिकडे?